न रुजलेले बी : 'फेबल' आणि अपेक्षाभंगाची समीक्षा

१

साहित्यचर्चेच्या पानावर व्हिडिओ गेमचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सुरुवातीलाच दिलेले बरे. आज साहित्याच्या वर्गात बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांचा दीर्घ कथनाशी पहिला परिचय कादंबरीतून झालेला नसतो, तो पडद्यावरच्या खेळातून झालेला असतो. 'नायक', 'संघर्ष', 'शेवट' हे शब्द आम्ही फळ्यावर लिहितो तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जी चित्रे उभी राहतात त्यांची आम्हां शिक्षकांना दखलही नसते. हे एक कारण झाले. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. कलाकृतीची पारख कर्त्याने काय करीन म्हटले त्यावरून करायची, की त्याने प्रत्यक्ष काय केले त्यावरून, हा समीक्षेतला जुना वाद आहे. त्या वादाचे इतके ठळक उदाहरण छापील साहित्यात सहसा सापडत नाही.

हे उदाहरण म्हणजे 'फेबल' नावाचा गेम. सप्टेंबर २००४ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स' या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. अद्भुत जगात घडणारे कथानक, तलवार, धनुष्य आणि मंत्र यांच्या लढाया, आणि खेळणाऱ्याने नायकाची भूमिका घेऊन त्याला घडवत नेणे, असे त्याचे स्वरूप. ज्याला 'अॅक्शन रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्या जातीचा हा खेळ. इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या 'लायनहेड स्टुडिओज' या संस्थेच्या छत्राखाली 'बिग ब्लू बॉक्स' या छोट्या गटाने तो घडवला. त्याचे बोलके प्रवक्ते मात्र लायनहेडचे प्रमुख पीटर मॉलिन्यू हे होते. 'पॉप्युलस' (१९८९) आणि 'ब्लॅक अँड व्हाइट' (२००१) या खेळांमुळे त्यांचे नाव आधीच मोठे झालेले होते.

मॉलिन्यू यांच्या या आधीच्या खेळांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांत खेळणारा देव असतो. तो वरून पाहतो, जमीन उचलतो, सपाट करतो, भक्त जमवतो. 'फेबल'मध्ये त्यांनी खेळणाऱ्याला प्रथमच जमिनीवर उतरवून माणूस व्हायला सांगितले. देवाच्या हाताखाली जग मऊ असते. माणसाला ते कठीण लागले पाहिजे, आणि त्याने केलेल्या कृत्याची खूण त्यावर उमटून राहिली पाहिजे. पुढे जे बिनसले त्याचे मूळ, आमच्या मते, या स्थित्यंतरातच आहे.

२

हा खेळ काही वर्षे घडत होता. सुरुवातीला त्याचे नाव 'प्रोजेक्ट इगो' असे होते. या काळात मॉलिन्यू यांनी मुलाखतींतून जे जग रंगवले ते विलक्षण होते. नायक लहानपणापासून म्हातारपणापर्यंत जगेल. त्याच्या प्रत्येक कृतीचा ठसा त्याच्या शरीरावर आणि भोवतालच्या जगावर उमटेल. तो जंगलात एखादे ओकचे बी पेरील, आणि पुढे कधीतरी परत येईल तेव्हा तिथे झाड उभे असेल.

हे बी लोकांच्या मनात रुजले. सर्व आश्वासनांमध्ये याच एका प्रतिमेने घर का केले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. झाडाचा लढाईशी काही संबंध नव्हता. त्याच्यामुळे नायकाची शक्ती वाढणार नव्हती, खजिना मिळणार नव्हता. तरी ऐकणाऱ्याला कळले, की झाड वाढते याचा अर्थ या जगात काळ आहे. आपण पाठ फिरवली तरी इथले जीवन थांबत नाही. आपण काही केले तर ते केलेले राहते.

खेळ आला, आणि त्यात झाड नव्हते. समीक्षकांनी त्याचे बहुतांशी कौतुकच केले, विक्रीही उत्तम झाली, पण ज्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती त्यांच्यात नाराजीची लाट उसळली. मुख्य कथा थोडक्या तासांत संपते, प्रदेश लहान लहान कप्प्यांत तोडलेले आहेत, वाट सोडून रानात शिरता येत नाही, आणि सांगितलेल्या कितीतरी गोष्टी आढळतच नाहीत, अशा तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॉलिन्यू यांनी खेळणाऱ्यांना उद्देशून जाहीर माफीपत्र लिहिले. आपण बोललो ते सारे तयार करण्याचा प्रयत्न खरोखरच झाला होता, पण सगळेच अखेरच्या खेळात टिकले नाही, अशी कबुली त्यांनी दिली. झाडांचा उल्लेख त्यांनी स्वतःहून केला. वाढणाऱ्या झाडांची व्यवस्था लिहूनही झाली होती. मात्र ती यंत्राच्या गणनशक्तीचा सुमारे पंधरा टक्के भाग खात होती. इतकी शक्ती झाडांवर घालवण्यापेक्षा ती इतरत्र वापरणे शहाणपणाचे ठरले, असे त्यांचे म्हणणे होते. यापुढे आपण बनवत असलेल्या खेळांविषयी फार आधीपासून बोलणार नाही, असेही त्यांनी सांगितले. हा शेवटचा निश्चय त्यांच्याकडून पाळला गेला नाही, हे पुढच्या इतिहासावरून दिसते.

पंधरा टक्के हा आकडा आम्हांला मोठा बोलका वाटतो. कादंबरीकाराला असा हिशेब आकड्यांत मांडावा लागत नाही, पण तो करावा मात्र लागतो. पात्राच्या मागे एक जिवंत भवताल उभा करायचा तर पानांचा आणि वाचकाच्या सहनशक्तीचा काही वाटा त्यावर खर्च होतो, आणि तेवढ्याने घटनांचा वेग घटतो. किती खर्च करायचा याचे उत्तर प्रत्येक लेखक आपल्या कृतीच्या गरजेवरून देतो. तेव्हा प्रश्न असा, की 'फेबल'ला त्या झाडाची गरज होती का? नसेल, तर काढून टाकण्याचा निर्णय योग्य, आणि तक्रार पोरकट. असेल, तर पंधरा टक्के ही काही जबर किंमत नव्हे.

३

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी पक्ष उभे राहिले. एक पक्ष म्हणतो, की शब्द दिला आणि मोडला, म्हणून कृती फसली. दुसरा म्हणतो, की मुलाखती म्हणजे कृती नव्हे. डबी उघडून आत जे निघाले त्याचाच विचार करा, आणि ते तर मजेदार आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या पक्षाची भाषा ओळखीची वाटेल. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे बजावले होते. त्या न्यायाने मॉलिन्यू यांच्या मुलाखती बाद ठरतात. उलट पहिल्या पक्षाला हान्स रॉबर्ट याऊस यांचा आधार घेता येईल. १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात त्यांनी 'अपेक्षांचे क्षितिज' ही कल्पना मांडली. कोणताही वाचक कृतीकडे कोरा येत नाही. आधीच्या अनुभवांनी घडलेल्या अपेक्षा घेऊन येतो, आणि त्या अपेक्षांच्या संदर्भातच कृती त्याला भेटते.

परंतु याऊस यांचा आधार पहिल्या पक्षाला वाटतो तितका सोयीचा नाही. त्यांच्या मते अपेक्षा आणि कृती यांच्यातले अंतर हा दोष नसतो. थोर कृती पुष्कळदा अपेक्षाभंग करूनच वाचकाचे क्षितिज बदलतात. म्हणजे 'आम्हांला जे सांगितले ते मिळाले नाही' एवढ्याने निकाल लागत नाही. मागितले त्याऐवजी दुसरे काय मिळाले, ते मोठे की लहान, हे पाहावेच लागते.

आम्ही या दोन्ही पक्षांना सोडून तिसरी वाट धरू इच्छितो. मुलाखती बाजूला ठेवा. मॉलिन्यू हे नाव ज्याने कधी ऐकलेले नाही अशा माणसाच्या हाती हा खेळ द्या. त्याचीही निराशा होईल का? आमचे उत्तर 'होईल' असे आहे. कारण बाहेर दिलेले वचन हा खेळ आतूनही देत राहतो. 'प्रत्येक निवडीला परिणाम' हे त्याचे घोषवाक्यच होते. पण घोषवाक्यही सोडून देऊ. त्याचे पहिले प्रकरणच पाहू.

४

कथा ओकव्हेल नावाच्या खेड्यात सुरू होते. ('ओक' इथे गावाच्या नावातच आहे, हा योगायोग आम्हांला नेहमी खटकतो.) नायक लहान मुलगा आहे. आज त्याच्या बहिणीचा वाढदिवस, आणि तो भेट आणायला विसरला आहे. वडील त्याला सांगतात, की तू केलेल्या प्रत्येक चांगल्या कामाबद्दल मी एक सोन्याचे नाणे देईन, त्यातून भेट घे. मुलगा गावात हिंडू लागतो. एक व्यापारी त्याला पिंपांवर लक्ष ठेवायला सांगून जातो. ती पिंपे फोडून आत काय आहे ते पाहण्याचा मोह समोर आहे. एक दांडगा मुलगा लहानग्याला छळतो आहे. एक गृहस्थ घरामागे परस्त्रीच्या मिठीत सापडतो आणि बायकोला सांगू नकोस म्हणून नाणे पुढे करतो. बायकोला सांगितले तर वडिलांकडून नाणे मिळते. गप्प राहिले तर त्या गृहस्थाकडून.

हा प्रवेश आम्हांला फार चांगला वाटतो. नाणे दोन्हीकडून सारखेच आहे. बहिणीची भेट दोन्ही मार्गांनी येते. फरक उरतो तो फक्त मुलाच्या मनात, आणि बहिणीच्या हाती भेट देताना खेळणाऱ्याला जे वाटते त्यात. अॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त म्हटले आहे, की जिथे काय निवडावे हे उघड नसते तिथल्या निवडीतून स्वभाव प्रकट होतो. या पहिल्या अर्ध्या तासात 'फेबल' त्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतो. त्यानंतर लगेच दरोडेखोर गावावर तुटून पडतात, वडील मारले जातात, आई आणि बहीण नाहीशी होतात, आणि मुलाला वीरांच्या संघात नेले जाते. आपण आत्ताच ज्यांच्याशी खरेखोटे वागलो ते सारे गाव जळताना आपण पाहतो. याहून गंभीर वचन कोणती मुलाखत देऊ शकेल?

पुढे मात्र या वचनाचे काय होते ते पाहा. नायक मोठा होतो, कामगिऱ्या घेतो. शेतावर पहारा द्यायचा की दरोडेखोरांना मिळून तेच शेत लुटायचे, अशी निवड येते. आखाड्यात आपल्याच सोबतिणीशी, व्हिस्परशी, लढावे लागते. तिला मारले तर जादा सोने, सोडले तर ती निघून जाते. प्रत्येक निवडीला खेळ गुण देतो. पुण्याचे गुण साठले की नायकाच्या डोक्यामागे तेजोवलय येते. पापाचे साठले की शिंगे फुटतात आणि भोवती माशा घोंगावतात. गावकरी त्याप्रमाणे टाळ्या वाजवतात किंवा पळ काढतात.

पहिल्यांदा हे पाहताना गंमत वाटते. थोड्या वेळाने मात्र ध्यानात येते, की ही निवड आता 'उघड' झाली आहे. पहिल्या प्रवेशात नाणे सारखे होते आणि फरक मनात होता. आता मनाची गरज उरली नाही. आरसा पाहिला की पुरे. त्याहून वाईट म्हणजे हे गुण सुटे आणि बदलते आहेत. दरोडेखोर आणि राक्षस मारले की पुण्य मिळते, आणि कोणत्याही वाटेने गेले तरी ते मारावेच लागतात. त्यामुळे पापी राहू पाहणाऱ्यालाही नकळत पुण्य चिकटत जाते. 'अव्हो' या देवतेच्या मंदिरात पुरेसे सोने वाहिले की शिंगे मावळतात. मंदिराबाहेर जे घडले त्याचे काय, हे कोणी विचारत नाही. ज्याचे घर आपण लुटले त्यालाही आपले वलय दिसते आणि तो टाळी वाजवतो.

आता या खेळाच्या नावाकडे वळू. 'फेबल' म्हणजे बोधकथा. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून हा प्रकार आपल्या शाळांत मुरलेला आहे. बोधकथेतले पात्र बदलत नाही. कोल्हा लबाडच असतो, आणि त्याचा लबाडपणा त्याच्या जातीवरून, म्हणजे चेहऱ्यावरूनच, कळतो. तिथे काळ नसतो; 'एकदा' असतो. बोध मिळाला की गोष्ट मिटते. कादंबरीत याच्या उलट घडते. तिथे माणूस काळात घडतो, चेहरा आणि मन यांचा मेळ बसत नाही, आणि केलेले कृत्य दहा प्रकरणांनंतर अनोळखी रूपात समोर येऊन उभे राहते.

आमच्या मते 'फेबल'च्या अपेक्षाभंगाचे खरे निदान इथे आहे. या खेळाने बालपणापासून वार्धक्यापर्यंतच्या जीवनाची, म्हणजे कादंबरीची, भाषा केली आणि हाती बोधकथा दिली. बोधकथा हा हलका प्रकार आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण बोधकथेला पन्नास वर्षांचे आयुष्य नको असते. एक ओढा, एक लांडगा आणि एक कोकरू तिला पुरते.

५

आता पुन्हा झाडाकडे येऊ, कारण काळाचा प्रश्न तिथेच गुंतलेला आहे.

'फेबल'चा नायक म्हातारा होतो, हे खरे. त्याचे केस पांढरे होतात, चेहऱ्यावर सुरकुत्या आणि जखमांचे व्रण येतात. पण तो दिवस गेल्यामुळे म्हातारा होत नाही. मिळवलेला अनुभव खर्चून शक्ती, कौशल्य किंवा मंत्रबळ वाढवले, की त्याचे वय वाढते. विद्या घेतली की वर्षे सरतात, अशी ही कल्पना आहे. रूपक म्हणून ती वाईट नाही. तिचा परिणाम मात्र चमत्कारिक होतो. नायक साठीला पोचतो, आणि ज्या दुकानदाराकडून त्याने विशीत तलवार घेतली तो दुकानदार तसाच्या तसा उभा असतो. ज्या स्त्रीशी त्याने लग्न केले ती तरुणच राहते. सगळ्या जगात एकटा तोच म्हातारा होतो.

हे हेतुपुरस्सर असते तर त्यात करुण रस होता. न बदलणाऱ्या जगात झिजत जाणारा एकटा माणूस, हा विषय कोणाही कवीला आव्हान वाटावा असा आहे. पण खेळ त्याची दखल घेत नाही. कोणी त्याला विचारत नाही, की तू इतका थकलास कसा. म्हणून ते कारुण्य न होता नुसती विसंगती होते. आनंदवर्धनाने अनौचित्य हेच रसभंगाचे कारण मानले. त्याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

आणि म्हणून ते झाड हवे होते. ते शोभेसाठी नव्हते. नायकाच्या म्हातारपणाला साक्ष देणारी जगातली ती एकमेव गोष्ट ठरली असती. मी पेरले तेव्हा मी लहान होतो, आता हे माझ्याहून उंच आहे, एवढेच ते सांगणार होते. तेवढ्याने वय हा आकडा न राहता आयुष्य झाले असते. गणनशक्तीचा हिशेब करणाऱ्यांनी त्याला सजावटीच्या रकान्यात टाकले, म्हणून ते महाग वाटले. खेळणाऱ्यांनी त्याला आशयाच्या रकान्यात टाकले होते. त्यांना आपले म्हणणे समीक्षेच्या भाषेत मांडता आले नाही. 'झाड कुठे आहे?' एवढेच ते विचारत राहिले, आणि लोक त्यांना हसले. आम्हांला वाटते, की प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

६

इथे एक आक्षेप घेता येईल. हा खेळ मुळात विनोदी आहे, कोंबड्यांना लाथा मारता येणाऱ्या जगाकडून महाकाव्याची अपेक्षा कशी करता, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. इंग्लंडच्या ग्रामीण लोककथांची खट्याळ चव या खेळात आहे, आणि ती आम्हांला आवडते. त्याच्या देशाचे नाव 'अॅल्बियन' हे ब्रिटनचेच प्राचीन नाव आहे. त्या विनोदातूनच एक प्रथा या खेळात आली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कामगिरीवर निघण्यापूर्वी नायकाला एका चौथऱ्यावर उभे राहून गावकऱ्यांसमोर पैज लावता येते. मी अंगावर ओरखडाही येऊ न देता हे काम करीन. मी उघड्या अंगाने लढून दाखवीन. लोक जमतात, टाळ्या वाजतात. पैज जिंकली तर जादा सोने मिळते, हरली तर लावलेले सोने जाते. मॉलिन्यू यांच्या साऱ्या कारकिर्दीचे चित्र त्यांच्याच खेळातल्या या चौथऱ्यावर सापडते. फरक एवढाच, की नायकाची पैज त्याच्या स्वतःच्या सोन्याची असते.

कथेच्या शेवटाचेही असेच आहे. खलनायक जॅक ऑफ ब्लेड्स मेल्यावर एक महाप्रबळ तलवार नायकापुढे उरते. ती स्वतःची करायची तर बहिणीचा वध करावा लागतो; नाहीतर तलवार फेकून द्यायची. जिच्या वाढदिवसाच्या भेटीसाठी कथा सुरू झाली तिच्याच प्राणांवर ती येऊन ठेपते. ही रचना चांगली आहे, हे प्रांजळपणे सांगतो. इथे पहिल्यांदाच चांगुलपणाला किंमत पडते : बहीण वाचते, पण तलवार कायमची जाते. परंतु २००५ मध्ये 'द लॉस्ट चॅप्टर्स' या नावाने वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि तीत तलवार फेकणाऱ्या सज्जनासाठी तिच्या तोडीची दुसरी तलवार ठेवण्यात आली. त्यागाची भरपाई झाली, म्हणजे त्यागच रद्द झाला. खेळणाऱ्यांच्या नाराजीला कर्त्यांनी दिलेले हे उत्तर होते, आणि आमच्या मते ते उलट दिशेचे होते. लोकांनी अधिक परिणाम मागितले होते. त्यांना अधिक वस्तू दिल्या गेल्या.

७

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की त्याच संस्थेने पुढे आपली चूक ओळखल्यासारखे दिसते. २००८ च्या 'फेबल २' मध्ये एक प्रसंग आहे. अंधाऱ्या सावल्यांच्या दरबारात एका माणसाच्या तारुण्याचा बळी द्यायचा आहे. तिथे एक निरपराध मुलगी उभी आहे. तिचे तारुण्य जाऊ द्यायचे, की आपले द्यायचे? आपले दिले तर नायकाचा चेहरा कायमचा जरठ होतो. पहिल्या खेळात पुण्याने चेहरा उजळत होता. इथे पुण्यामुळेच तो विद्रूप होतो. चेहरा आणि मन यांची फारकत झाली, आणि त्याच क्षणी बोधकथा मागे पडून कादंबरीचा प्रांत सुरू झाला. त्याच खेळात लहानपणी केलेल्या एका क्षुल्लक कामावर शहराच्या एका वस्तीचे भवितव्य ठरते. कागद पहारेकऱ्याला दिले की चोराला, यावरून ती वस्ती वर्षांनंतर नांदती तरी दिसते, नाहीतर भकास. आम्हांला हे त्या न रुजलेल्या बीचेच उशिराने आलेले झाड वाटते. यात झाड नाही, पण काळ आहे.

मॉलिन्यू यांचे मात्र असे झाले नाही. लायनहेड २००६ मध्येच मायक्रोसॉफ्टने विकत घेतली होती. २०१२ मध्ये ते तिथून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांच्या नव्या संस्थेने 'गोडस' या खेळासाठी लोकवर्गणी गोळा केली, म्हणजे खेळ तयार होण्यापूर्वीच खेळणाऱ्यांकडून पैसे घेतले. त्यांतली मोठमोठी आश्वासने अपुरी राहिली. तेव्हाच्या संतापात २००४ ची हळहळ नव्हती, आणि ते स्वाभाविक होते. कवीने भव्य काव्याचे स्वप्न सांगावे आणि लहान काव्य लिहावे, हा रसिकाचा अपेक्षाभंग असतो. स्वप्नाची वर्गणी घ्यावी आणि काव्य अर्धे सोडावे, हा व्यवहारातला प्रश्न होतो, आणि तिथे समीक्षेने शहाणपण सांगण्यात अर्थ नसतो. पुढे २०१६ मध्ये लायनहेडही बंद झाली. 'फेबल'चे नाव नव्या खेळासाठी दुसऱ्या एका संस्थेकडे सोपवल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले.

८

या साऱ्यातून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? आम्ही दोनच गोष्टी सुचवतो.

पहिली, वाचकाच्या निराशेला हसू नये, आणि ती जशीच्या तशी स्वीकारूही नये. 'लेखकाने अमुक सांगितले होते' ही तक्रार बहुधा अपुरी असते. पण तिच्या तळाशी 'या कृतीनेच माझ्याशी अमुक बोलणे केले होते' ही खरी तक्रार दडलेली असू शकते, आणि ती बाहेर काढणे हे समीक्षकाचे काम आहे. वर्गात एखादा विद्यार्थी 'कादंबरीचा शेवट आवडला नाही' म्हणतो तेव्हा आपण त्याला सिद्धान्त सांगून गप्प करतो. त्याऐवजी, या कादंबरीने पहिल्या प्रकरणात तुला काय कबूल केले होते, असे त्याला विचारले, तर चर्चा पुष्कळ पुढे जाईल. हेतुदोषाचा सिद्धान्त लेखकाच्या मुलाखतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून काढतो. कृतीच्या पहिल्या पानाला मात्र त्याने सूट दिलेली नाही.

दुसरी गोष्ट स्वतः लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. कृतीत काय टाकावे आणि काय काढावे याचा हिशेब सर्वांनाच करावा लागतो. तो करताना एखादी गोष्ट दिसायला सजावट असली तरी तीच कृतीचा काळ धरून ठेवत नाही ना, हे तपासावे. लढाया कमी पडल्या तर वाचक क्षमा करतो. गेलेला काळ दाखवणारे झाड जर नसेल, तर त्या काळावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि मग नायकाच्या पांढऱ्या केसांवरही बसत नाही.

'फेबल' वाईट खेळ नाही. आम्ही तो शेवटापर्यंत खेळलो, आणि ओकव्हेलमधला तो पहिला दिवस आजही आमच्या लक्षात आहे. म्हणूनच तक्रार आहे. ज्याने पहिल्या अर्ध्या तासात काहीच कबूल केले नसते, त्याच्याकडे आम्ही झाड मागायला गेलोच नसतो.